रिसेप्टरची साक्ष

पाळी जाऊन सात-आठ वर्षे झालेल्या बाईला एके दिवशी अंगावरून जाते. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसते, डॉक्टर क्युरेटिंग करतात आणि आठवड्याभरात घरच्यांच्या हाती एक कागद पडतो. त्यावर लिहिलेले असते, ‘एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, ग्रेड 1. ईआर 90 टक्के, पीआर 80 टक्के, पी53 वाइल्ड टाइप, एमएमआर प्रथिने शाबूत.’ ‘कार्सिनोमा’ या एका शब्दाने घर हादरते आणि पुढचे कोणी वाचत नाही. अनेकदा डॉक्टरही फक्त ग्रेड पाहून फाइल मिटतात. वास्तविक या बाईचे पुढे काय होणार, तिला नुसते ऑपरेशन पुरेल की किरणोपचारही लागतील, आजार उलटला तर गोळ्यांनी आटोक्यात येईल का, याचा बराचसा अंदाज त्या न वाचलेल्या मजकुरात असतो. हे पुस्तक त्या मजकुराविषयी आहे.

आपल्याकडे ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हटले की तो गर्भाशयमुखाचाच, असे गृहीत धरले जाते. त्यालाही कारण आहे. भारतात त्या आजाराचे दरवर्षी सव्वा लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात आणि आपल्या सगळ्या जनजागृतीचा रोख तिकडेच राहिला आहे. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग विषाणूमुळे होतो, अस्तराचा बहुतेक वेळा संप्रेरकांच्या बिघडलेल्या हिशेबातून. दोघांचे शेजार आहे, नाते नाही. 2022च्या जागतिक अंदाजानुसार गर्भाशयाच्या मुख्य भागाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे 4 लाख 20 हजार नवे रुग्ण होते आणि त्यातले बहुसंख्य या अस्तराचेच. श्रीमंत देशांत स्त्रीच्या जननेंद्रियांचा हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. आपल्या शहरांतही गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू उतरतो आहे आणि हा चढतो आहे. वजन, मधुमेह, कमी बाळंतपणे, लांबलेले आयुष्य ही कारणे त्याच्यामागे उभी आहेत.

हिशेब बिघडतो म्हणजे काय, हे आधी नीट पाहायला हवे, कारण रिसेप्टरची सगळी गोष्ट तिथून सुरू होते. पाळीच्या चक्राच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन अस्तर वाढवते. बीजांड बाहेर पडले की प्रोजेस्टेरॉन येते, वाढ थांबवते आणि त्या अस्तराला गर्भ रुजण्याजोगे करते. गर्भ राहिला नाही तर अस्तर गळून पडते. इस्ट्रोजेनने वाढवायचे आणि प्रोजेस्टेरॉनने आवरायचे, अशी ही वाटणी आहे. पाळी गेल्यावर अंडाशय दोन्ही बंद करतात. पण शरीरातली चरबी अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या द्रव्यापासून इस्ट्रोन नावाचे इस्ट्रोजेन बनवत राहते, आणि त्याला आवरणारे प्रोजेस्टेरॉन मात्र आता कुठूनच येत नाही. पाळी चालू असतानाही बीजांड सुटत नसेल, जसे पीसीओएसमध्ये होते, तर परिणाम तोच. वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, पाचाने वाढला की या कर्करोगाचा धोका दीडपटीहून अधिक होतो. लठ्ठपणाशी इतके घट्ट नाते दुसऱ्या क्वचितच एखाद्या कर्करोगाचे असेल.

संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरते, मग त्याचे ऐकते फक्त गर्भाशय आणि स्तन, असे का? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणाकडे नव्हते. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी 1896 साली स्तनाच्या कर्करोगात अंडाशय काढल्यावर गाठी ओसरल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दही जन्माला आला नव्हता. पुढे शिकागोत एल्वूड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी इस्ट्रॅडिऑलला ट्रिटियम जोडून ते किरणोत्सारी केले आणि वयात न आलेल्या उंदीर माद्यांना अगदी सूक्ष्म मात्रेत टोचले. रक्तातून, स्नायूंतून, यकृतातून ते आले तसे निघून गेले. गर्भाशयात मात्र ते टिकून राहिले, तेही आहे त्याच रूपात. त्या काळी सर्वांची समजूत अशी की संप्रेरक पेशीत जाऊन मोडते आणि मोडताना काम करते. जेन्सन सांगत होते की ते मोडत नाही, कोणाला तरी चिकटून बसते. 1958 साली व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी हे मांडले तेव्हा समोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके श्रोते होते. बाकी सारे शेजारच्या मोठ्या सभागृहात संप्रेरके कशी मोडतात यावरची व्याख्याने ऐकत बसले होते. जेन्सन यांना लास्कर पुरस्कार मिळाला तो 2004 साली.

चिकटून बसण्याची ती जागा म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, ईआर. तो पेशीच्या केंद्रकात असतो. इस्ट्रोजेन बसले की तो डीएनएवर ठराविक ठिकाणी जाऊन जनुके चालू करतो, आणि त्यांतले एक जनुक असते प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचे, म्हणजे पीआरचे. या एका वस्तुस्थितीवर पुढची पन्नास वर्षे उभी आहेत. गाठीत पीआर दिसला याचा अर्थ तिच्यातला ईआर नुसता हजर नाही, तो काम करतो आहे. शिवाय प्रोजेस्टेरॉन आले तर त्याला बसायला जागाही आहे. ज्या पेशी अजून संप्रेरकांचे ऐकतात त्या आपल्या मूळ वळणावर असतात. ज्यांनी ऐकणे सोडले त्यांनी बाकीही बरेच काही सोडलेले असते. रिसेप्टर असलेल्या गाठी सौम्य आणि नसलेल्या आक्रमक का, याचे स्थूल उत्तर हेच.

गंमत अशी की औषध आधी सापडले आणि रिसेप्टर मागाहून मोजता आले. बोस्टनच्या रिटा केली आणि विल्यम बेकर यांनी 1961 साली पसरलेल्या अस्तर-कर्करोगाच्या 21 स्त्रियांना प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे दिल्याचा वृत्तान्त छापला. त्यांतल्या काहींच्या गाठी आकसल्या, बाकीच्यांच्या आकसल्या नाहीत. कोणाच्या का आणि कोणाच्या का नाही, हे सांगायला तेव्हा काही साधन नव्हते. ते सत्तरच्या दशकात आले. त्यासाठी ऑपरेशन टेबलावरून ताजा तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये जायचा, मग कुटला जायचा, किरणोत्सारी संप्रेरकाबरोबर ठेवला जायचा आणि कोळशाच्या भुकटीने सुटे संप्रेरक वेगळे करून उरलेले मोजले जायचे. आकडा यायचा एक मिलिग्रॅम प्रथिनामागे अमुक फेम्टोमोल. ड्यूक विद्यापीठातले विल्यम क्रीझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात याच आकड्यांवरून दाखवले की आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतानाही रिसेप्टर असलेल्या स्त्रिया जास्त जगतात. पण या पद्धतीत एक मोठी खोट होती. कुटलेल्या तुकड्यात गाठ किती, शेजारचा स्नायू किती आणि निरोगी अस्तर किती, हे कळायला मार्ग नव्हता. निरोगी अस्तर रिसेप्टरने भरलेले असते. म्हणजे गाठ रिकामी असली तरी शेजाऱ्यांच्या जिवावर आकडा फुगायचा.

ऐंशीच्या दशकाअखेर प्रतिपिंडांनी रंगवण्याची पद्धत, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, आली आणि पॅथॉलॉजिस्टला पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की कोणत्या पेशीच्या केंद्रकात रिसेप्टर आहे आणि कोणत्या नाही. तपकिरी केंद्रक म्हणजे आहे, निळे म्हणजे नाही. द्रव नायट्रोजनची गरज संपली, मेणाच्या ब्लॉकवरून काम होऊ लागले. तालुक्याच्या गावातला नमुनाही पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासता येऊ लागला.

पण जुनी खोट गेली तशी नवी आली आणि तिच्याबद्दल पाठ्यपुस्तके फार बोलत नाहीत. गर्भाशय हा जाड भिंतींचा, आतून बंद अवयव. फॉर्मलिन ऊतीत शिरते ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर. अख्खे गर्भाशय न कापता बरणीत टाकले, बरणीही लहान आणि फॉर्मलिन कसेबसे बुडेल एवढेच, तर ते आतल्या अस्तरापर्यंत पोचायच्या आधी अस्तर सडू लागते. असा नमुना दोन दिवसांनी प्रयोगशाळेत येतो, स्लाइड रंगवली जाते आणि रिपोर्ट जातो, ‘ईआर निगेटिव्ह’. मी अशी स्लाइड हाती आली की आधी गाठ पाहत नाही, तिच्या शेजारचा गर्भाशयाचा स्नायू आणि निरोगी अस्तर शोधतो. त्यांची केंद्रके तपकिरी दिसायलाच हवीत, कारण ईआर तिथे असतोच. तीही निळी असतील तर गाठीबद्दल काही बोलण्याचा अधिकार त्या स्लाइडला नाही. मग क्युरेटिंगच्या वेळचा लहानसा तुकडा मागवायचा. तो लगेच फॉर्मलिनमध्ये गेलेला असतो आणि लहान असल्यामुळे आतपर्यंत भिजलेला असतो. गाठीच्या स्वभावाबद्दलचे किती निष्कर्ष प्रत्यक्षात बरणीबद्दलचे होते, हा प्रश्न या क्षेत्रातले जुने निबंध वाचताना मला नेहमी छळतो.

या विषयात स्थूलमानाने तीन घराणी आहेत. पहिले संप्रेरकवाद्यांचे, ज्यांची कहाणी आतापर्यंत सांगितली. दुसरे रूपवाद्यांचे. ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण पाहतात, ग्रेड देतात, गाठ स्नायूच्या निम्म्याहून खोल गेली का, रक्त-लसवाहिन्यांत शिरली का हे मोजतात. 1988 सालापासून आजाराची पायरी ऑपरेशननंतरच ठरवायची असा दंडक पडला आणि या घराण्याचा शब्द अखेरचा झाला. दोघांमध्ये पूल बांधला तो लेनिनग्राडच्या यान बोखमन यांनी. 366 रुग्णांच्या अभ्यासावरून 1983 साली त्यांनी सांगितले की हा एक आजार नाही, दोन आहेत. एक प्रकार लठ्ठ, मधुमेही, इस्ट्रोजेनच्या अंमलाखालच्या स्त्रियांचा. त्याची गाठ हळू वाढते आणि प्रोजेस्टेरॉनला दाद देते. दुसऱ्यात यांतले काही नसते आणि गाठ लवकर पसरते. ही विभागणी इतकी सोयीची होती की तीस वर्षे सर्वांनी ती डोळे मिटून शिकवली. मीही तीच शिकलो. पण प्रत्यक्षात मधल्या गाठी कितीतरी निघत आणि ग्रेड 3च्या एंडोमेट्रिऑइड गाठीला कोणत्या कप्प्यात टाकायचे यावर दोन पॅथॉलॉजिस्टांचे एकमत होईल तर शपथ.

याच मधल्या काळात इस्ट्रोजेनने दोन मोठे धडे दिले. पहिला औषधाच्या दुकानातून आला. अमेरिकेत पाळी गेलेल्या स्त्रियांना ‘तारुण्य टिकवण्यासाठी’ नुसते इस्ट्रोजेन देण्याची लाट आली होती. 1975च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने दोन अभ्यास एकत्र छापले. दोन्हींनी सांगितले की अशा स्त्रियांत अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन द्यायचे तर प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने, हा नियम झाला.

दुसरा धडा टॅमॉक्सिफेनचा. स्तनाच्या कर्करोगात हे औषध इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. 1988 साली क्रेग जॉर्डन यांच्या गटाने एकाच उंदराच्या अंगावर स्तनाच्या कर्करोगाची आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची अशा दोन मानवी गाठी वाढवल्या आणि त्याला टॅमॉक्सिफेन दिले. एकच प्राणी, एकच रक्त, एकच औषध. स्तनाची गाठ थबकली आणि अस्तराची वाढली. पुढे स्तनाचा कर्करोग टाळण्यासाठी हे औषध घेणाऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत अस्तराच्या कर्करोगाचा धोका सुमारे अडीच पट निघाला. म्हणजे रिसेप्टर तोच असला तरी तो कोणत्या ऊतीत बसला आहे, भोवती कोणती साहाय्यक प्रथिने आहेत, यावर त्याचे वागणे ठरते. आणि एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. पसरलेल्या अस्तर-कर्करोगात प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे सतत दिली की पीआर कमी होत जातो आणि औषध बोथट होते. टॅमॉक्सिफेन अस्तरात इस्ट्रोजेनसारखे वागते म्हणूनच ते पीआर पुन्हा उगवून आणते. म्हणून दोन्ही औषधे आलटून पालटून देण्याचे प्रयोग झाले आणि काही स्त्रियांना त्यांचा फायदा झाला. ज्या औषधाने आजार होऊ शकतो तेच त्याच्या उपचारात कामी आले. रिसेप्टर समजल्याशिवाय हा खेळ कोणाला सुचला नसता.

तिसरे घराणे जनुकवाद्यांचे, आणि ते आले ते वादळासारखे. 2013 साली ‘कॅन्सर जीनोम अॅटलास’ या अमेरिकी प्रकल्पाने 373 गाठींच्या जनुकांचा नकाशा ‘नेचर’मध्ये छापला आणि दोनाचे चार प्रकार केले. पोल नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या, हजारो उत्परिवर्तने वागवणाऱ्या गाठी. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएमआर यंत्रणा मोडलेल्या गाठी. पेशींच्या वाढीला आवर घालणारे पी53 हे जनुक बिघडलेल्या, गुणसूत्रांची मोडतोड झालेल्या गाठी. आणि यांतले काहीच नसलेल्या, ज्यांना आज एनएसएमपी म्हणतात. व्हँकुव्हर आणि लायडन इथल्या गटांनी हेच वर्गीकरण साध्या रंगवलेल्या स्लाइडवर आणि एका जनुक चाचणीवर करता येईल अशी सोपी रीत बसवली. मग जोखमीच्या रुग्णांवरच्या ‘पोर्टेक-3’ चाचणीतल्या गाठी या रीतीने तपासल्या गेल्या. पाच वर्षांनी आजार न उलटता जगलेल्या स्त्रिया पोल गटात 98 टक्के, एमएमआर गटात 72, एनएसएमपीत 74 आणि पी53 गटात अवघ्या 48 टक्के निघाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसणारी ग्रेड 3ची गाठ पोल गटातली असेल तर तिची स्त्री बहुधा खडखडीत बरी होते. पी53 बिघडलेली असेल तर किरणांना केमोची जोड दिल्याने फरक पडतो. 2023 साली ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने पोल आणि पी53 यांना पायरी ठरवण्याच्या पद्धतीतच जागा दिली.

एमएमआरची कथा जनुकांहून जुनी आहे. मिशिगनमधले पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना 1895 साली त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले होते की आमच्या घराण्यात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही जाईन. ती गेली, अस्तराच्याच कर्करोगाने. वॉर्थिन यांनी तिचे घराणे तपासून 1913 साली वृत्तान्त लिहिला. आज त्या आनुवंशिक आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात आणि अस्तर-कर्करोगाच्या शंभरांतल्या साधारण तीन स्त्रियांत तो सापडतो. क्युरेटिंगच्या तुकड्यावर एमएमआर पाहणे म्हणजे तिच्या बहिणी आणि मुलांचीही तपासणी सुरू करणे आहे.

या वादळात ईआर-पीआर मागे पडले. ‘जुनी चाचणी, नवी माहिती देत नाही’ असे मी चर्चासत्रांत ऐकले आहे. त्यामागे एक जुना आक्षेपही होता. शेकडो निबंधांत रिसेप्टरला ग्रेड आणि पायरीसोबत एकाच गणितात घातले की त्याचे स्वतंत्र वजन कधी उरे, कधी उरत नसे. त्यावरून निकाल दिला जाई की तो ‘स्वतंत्र’ नाही, म्हणून निरुपयोगी.

माझे मत असे आहे की तो प्रश्नच चुकीच्या वेळी विचारला जात होता. ऑपरेशन होऊन पायरी कळल्यावर रिसेप्टर काय नवीन सांगणार? पण ऑपरेशनआधी, हातात फक्त क्युरेटिंगचा तुकडा असताना, पायरी कोणालाच ठाऊक नसते. नॉर्वेतल्या बर्गनच्या हेल्गा सॅल्व्हेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच हेरले. अनेक केंद्रांतल्या स्त्रियांच्या क्युरेटिंगच्या तुकड्यांवरून त्यांनी 2013 साली दाखवले की ज्या गाठींनी ईआर आणि पीआर दोन्ही गमावले आहेत त्या लसग्रंथींत पसरलेल्या असण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते, आणि त्या स्त्रियांचे पुढचे आयुष्यही कमी असते. सर्जनला पोट उघडण्याआधी हे कळले तर ऑपरेशन कोणी करायचे, कुठे करायचे, ग्रंथी तपासायच्या की नाही, हे ठरवता येते. वजन शंभर किलोच्या पुढे, मधुमेह, हृदयाचा त्रास, अशा रुग्णांत ग्रंथी काढण्याची किंमत लहान नसते.

वेळ बदलली की प्रश्न बदलतो. मूल हवे असलेल्या तिशीतल्या स्त्रीला ग्रेड 1ची गाठ निघाली, तर पिशवी न काढता प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा तेच औषध सोडणारी कॉपर-टीसारखी साधने वापरून पाहता येतात. तिथे पीआर आहे का, हा प्रश्न मूल होण्या-न होण्याशी जोडलेला असतो. आजार उलटला असेल तर पुन्हा वेगळा. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांना पीआर असलेल्या 37 टक्के गाठींनी दाद दिली, नसलेल्यांपैकी फक्त 8 टक्क्यांनी. (याच चाचणीत रोज 200 मिलिग्रॅमपेक्षा 1000 मिलिग्रॅमने अधिक काही साधले नाही. जास्त औषध म्हणजे जास्त गुण, हा समज आपल्याकडे रुग्णांइतकाच डॉक्टरांतही आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.) आणि मूळ गाठीत असलेले रिसेप्टर फुप्फुसात पोचलेल्या गाठीत नाहीसे झालेले असू शकतात. पाच वर्षांपूर्वीच्या कागदावर विसंबून गोळ्या सुरू करण्यापेक्षा शक्य असेल तर नवा तुकडा घ्यावा.

पुढे काय होणार हे सांगणे एक आणि कोणते औषध लागू पडेल हे सांगणे दुसरे. ईआर-पीआर ही दोन्ही कामे करतात, म्हणूनच त्यांची सरमिसळ होते. या क्षेत्रातला निम्मा गोंधळ त्या सरमिसळीतला आहे.

जनुकवाद्यांनाही रिसेप्टर परत बोलावावा लागला, हा अलीकडचा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. एनएसएमपी हा गट म्हणजे बाकी तीन गटांत न बसणाऱ्या सगळ्यांची खोली. तिथे अगदी निरुपद्रवी गाठीही होत्या आणि घातकही, सरासरी काढली की दोन्ही झाकल्या जात. जनुकांच्या याद्या चाळून फारसे हाती लागले नाही. ग्रेड आणि ईआर पाहिले तेव्हा गट दुभंगला. कमी ग्रेडच्या, ईआर असलेल्या गाठी एकीकडे, त्यांच्या स्त्रिया उत्तम जगतात. ईआर गमावलेल्या दुसरीकडे, त्यांचे हाल पी53 गटाच्या जवळ जाणारे. 2025च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत ही विभागणी अधिकृतपणे आली. ‘रेनबो’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातली एक चाचणी ईआर असलेल्या एनएसएमपी रुग्णांत किरणांनंतर केमोऐवजी प्रोजेस्टेरॉनची गोळी पुरेल का, हे तपासते आहे. 1961च्या औषधाला 2013च्या वर्गीकरणाने पुन्हा दार उघडले आहे.

रिसेप्टर म्हणजे फक्त ईआर-पीआर नव्हेत. पेशीच्या आवरणावर बसणारा हर2 हा सीरस प्रकारच्या आक्रमक गाठींपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश गाठींत जास्त प्रमाणात असतो. तो असणे वाईट लक्षण, पण त्याच्यावर औषध आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत केमोला ट्रॅस्टुझुमॅबची जोड दिल्यावर आजार थोपवून धरण्याचा काळ आठ महिन्यांवरून साडेबारा महिन्यांवर गेला. इस्ट्रोजेनचा दुसरा रिसेप्टर, ईआर-बीटा, 1996 साली सापडला, तसेच अँड्रोजेनचा रिसेप्टरही अभ्यासला जातो. त्यांच्याविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात, म्हणून या पुस्तकात त्यांना थोडकीच जागा दिली आहे. एल1कॅम हा काही रिसेप्टर नव्हे, पेशींना चिकटवणारा रेणू आहे. तरी पुढची वाट वर्तवण्यात तो ईआर-पीआरच्या खांद्याला खांदा लावून काम करतो, म्हणून त्याला घेतले आहे.

आता या सगळ्याचा आपल्याकडे उपयोग काय? आपल्याकडे जनुक चाचण्या महाग आहेत आणि मोजक्या शहरांत होतात. ईआर, पीआर, पी53 आणि एमएमआरची प्रथिने मात्र स्तनाच्या आणि आतड्याच्या कर्करोगासाठी बहुतेक मोठ्या प्रयोगशाळा रोज रंगवतात. तीच रसायने, तेच यंत्र, तोच तंत्रज्ञ. पोल सोडला तर आधुनिक वर्गीकरणाचा बराचसा भाग त्यांतून उभा राहतो. अडते ते दुसरीकडेच. अंगावरून जाते म्हटल्यावर क्युरेटिंग न करताच पिशवी काढण्याची घाई, काढलेली पिशवी तपासायला न पाठवणे, पाठवली तर कशाही बरणीत पाठवणे आणि रिपोर्टमध्ये टक्केवारी न देता नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहून मोकळे होणे. एक टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह आणि पंचाण्णव रंगल्या तरी पॉझिटिव्ह, याने वाचणाऱ्याला काय कळणार? ही सारी दुरुस्ती पैशांची नाही, शिस्तीची आहे.

हे पुस्तक त्या शिस्तीसाठी लिहिले आहे. ते पाठ्यपुस्तक नाही, मार्गदर्शक तत्त्वांचे भाषांतर तर मुळीच नाही. ती दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, आणि पाठ केलेला तक्ता शिळा झाला की हातात काही उरत नाही. एखादी खूण कशी सापडली, कशी मोजली गेली, कुठे फसवते आणि कोणत्या वेळी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, एवढे समजले तर पुढचा तक्ता आपला आपण वाचता येतो. लेख पॅथॉलॉजिस्ट, सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ अशा वेगवेगळ्या हातांचे आहेत आणि त्यांच्यात मतभेद आहेत. ते मी संपादनात घासून काढलेले नाहीत. ईआर किती टक्क्यांच्या खाली गेला की ‘नाही’ म्हणायचे, यावर दोन लेखांत दोन मते सापडतील. त्या वादाचा निकाल अजून लागायचा आहे. निवासी डॉक्टरांनी सुरुवातीचे इतिहासाचे लेख गाळून पुढे जाऊ नये, कारण परीक्षेत न विचारला जाणारा भाग स्लाइडसमोर बसल्यावर उपयोगी पडतो. वैद्यकाबाहेरच्या वाचकाने आकड्यांच्या कोष्टकांवर अडू नये.

सर्जन मित्रांना माझी विनंती एवढीच, की गर्भाशय बरणीत टाकण्याआधी ते उभे उघडा, नमुन्याच्या दहापट फॉर्मलिन घाला आणि ते काढल्याची वेळ फॉर्मवर लिहा. आणि वाचक भगिनींना हे सांगायचे, की पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाच, एक थेंब जरी डाग दिसला, तरी डॉक्टरकडे जा. अशा दहांतल्या नऊ जणींना कर्करोग नसतो, पण कर्करोग असलेल्या दहांतल्या नऊ जणींना सुरुवात अशीच झालेली असते. पिशवी काढावी लागली तर रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉकही मागून घ्या आणि घरात कोरड्या, थंड जागी जपून ठेवा. उद्या नवी चाचणी निघाली, तर ती त्याच ब्लॉकवर होईल.